उतार आधी, चढ नंतर: इंदूरच्या जंगलवाटांवर पाण्याचा हिशोब

इंदूरहून जंगल लांब नाही. महू ओलांडलं की माळव्याचं पठार संपत येतं आणि विंध्याचा कडा खाली निमाडात उतरतो. पातालपाणी, कालाकुंड, चोरलचं खोरं, जामगेट, सगळं या कडेच्या आसपास. पोहे-जिलबी खाऊन निघालं तरी दहाच्या आत पाय वाटेला लागतात. घोळ इथूनच सुरू होतो. ‘जवळच तर जायचंय’ म्हणून माणशी एक बाटली पिशवीत पडते आणि तीही घरून निघताना पाऊण भरलेली.

सह्याद्रीत गड चढायची सवय असलेल्यांनी इथला एक फरक आधी समजून घ्यावा. गडावर सकाळच्या गारव्यात चढ होतो आणि दमलेले पाय दुपारी उतरतात. इथे गाडी वर, पठारावर लागते. सकाळी ताज्या पायांनी खोऱ्यात उतरायचं, धबधबा किंवा नदी बघायची, आणि चढ समोर येतो तो बारा-एकच्या उन्हात, बाटली हलकी झालेली असताना. तेव्हा पाणी ‘किती न्यायचं’ याइतकंच ‘परतीला किती उरायला हवं’ हेही महत्त्वाचं. नियम साधा: खोऱ्यातून परत फिरताना नेलेल्या पाण्यापैकी साठ टक्के तरी शिल्लक पाहिजे. नसेल आणि खाली भरायची सोय नसेल, तर अजून खाली उतरू नका, तिथूनच मागे वळा.

किती घ्यायचं

हिशोब तासांत करा, किलोमीटरांत नाही. सपाट रस्त्यावरचे सहा किलोमीटर दीड तासात होतात, तेच खोऱ्यात उतरून परत यायला पाच तास खातात. चालण्याच्या दर तासाला थंडीत अर्धा लिटर, पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उन्हात चढाला पाऊण लिटर, एप्रिल-मेमध्ये पाऊण ते एक लिटर धरा.

ऑक्टोबरमधली पाच तासांची फेरी घ्या. उतार दीड तास, ताशी अर्धा लिटरने पाऊण लिटर. खाली तासभर बसणं, पाव लिटर. चढ अडीच तास, ताशी पाऊण लिटरने जवळजवळ दोन लिटर. एकूण तीन. त्यावर अर्धा लिटर राखीव, कारण वाट चुकते, कुणाचा पाय मुरगळतो. तीनातले दोन लिटर एकट्या चढाचे आहेत, हे लक्षात घेतलं की साठ टक्क्यांचा नियम कुठून आला ते कळतं.

हे सरासरीचे आकडे झाले. घाम माणसागणिक वेगळा, म्हणून आपला आकडा घरीच काढून ठेवावा. लघवीला जाऊन या, कमीत कमी कपड्यांत वजन करा, जवळच्या बागेत किंवा जिन्यावर तासभर दम लागेल असं चाला, घाम पुसा, पुन्हा वजन करा. समजा ६८.४ किलोचे ६७.९ झालात आणि मध्ये पाव लिटर प्यायलात. घट अर्धा किलो, प्यायलेलं पाव, म्हणजे तासाला पाऊण लिटर घाम. ही चाचणी जानेवारीत करून मेमध्ये वापरू नका, दोन्ही ऋतूंत वेगळी करा. घामाइतकंच तंतोतंत पाणी भरून काढायची गरज नाही. मात्र वजनाच्या दोन टक्क्यांच्या वर घट गेली, म्हणजे ६८ किलोच्या माणसाला साधारण १.४ किलो, की चाल मंदावते, डोकं दुखायला लागतं आणि निर्णय चुकायला लागतात.

पावसाळ्याबद्दल मुद्दाम सांगायला हवं, कारण इंदूरची अर्धी भटकंती जुलै ते सप्टेंबरमध्येच होते. हवा दमट असली की घाम सुकत नाही. सुकत नाही म्हणून अंग थंड होत नाही, आणि अंग थंड होत नाही म्हणून घाम आणखी येतो. वरून अंग पावसाने भिजलेलं, त्यामुळे घाम गेलाय हे कळतच नाही. आजूबाजूला सगळीकडे पाणीच पाणी दिसत असतं आणि माणूस चार तास घोटभरही पीत नाही. संध्याकाळी डोकं ठणकतं आणि दोष पावसात भिजण्याला जातो.

बाटल्या

एक लिटरच्या तीन बाटल्या तीन लिटरच्या एका पिशवीपेक्षा बऱ्या. एक फुटली तरी दोन राहतात. एकीत मीठ-साखरेचं पाणी, दोनांत साधं असं वाटता येतं, आणि किती उरलंय ते डोळ्यांना दिसतं. पाठीवरची नळीवाली पिशवी चालता चालता प्यायला सोयीची खरी, पण तिच्यात शेवटपर्यंत अंदाज लागत नाही. नळी सूं सूं करायला लागली तेव्हा कळतं की संपलं, आणि ते नेमकं चढाच्या मध्यावर. शिवाय तिचं चावायचं तोंड पिशवीखाली दाबलं गेलं की अर्धा लिटर पाणी पाठीच्या कपड्यांत जातं. ती वापरायचीच असेल तर सोबत एक भरलेली बाटली वेगळी ठेवा आणि तिला खालपर्यंत हात लावू नका.

स्टीलची दुहेरी भिंतीची बाटली पाणी गार ठेवते, पण रिकामीच बरीच जड असते. गार पाणी हवंच असेल तर जुना उपाय पुरेसा आहे: बाटलीवर सुती मोजा चढवा, तो भिजवा आणि बाटली वारा लागेल अशी बाहेर टांगा. पूर्वी जीपला छागल, म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी लटकायची, तिचं तत्त्व हेच. कोरड्या एप्रिलच्या वाऱ्यात हे झकास चालतं. दमट ऑगस्टमध्ये नाही, पाणी उडतच नाही तर गार काय होणार? मोजा भिजवायला नाल्याचं पाणी वापरा, पिण्याचं नको.

बाटल्या आदल्या रात्री भरून पालथ्या करून ठेवा. गळणारं झाकण सकाळी ओट्यावर कळलेलं बरं.

कधी प्यायचं

आदल्या रात्री जेवणानंतर एक-दोन पेले जास्त. सकाळी निघायच्या दोन तास आधी ४०० मिली, म्हणजे नको असलेलं वाटेवर पोहोचण्याआधी निघून जातं. चहा प्यायलात तरी बिघडत नाही, एका कपाने शरीर कोरडं पडत नाही. आदल्या रात्रीची दारू मात्र पाडते.

चालताना दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट. हा आकडा हवेतला नाही. घरी अर्ध्या लिटरची बाटली घ्या आणि किती घोटांत संपते ते मोजा. बहुतेकांची बारा ते सोळा घोटांत संपते, म्हणजे एक घोट तीस-चाळीस मिली. पाच घोट वीस मिनिटांनी घेतले की ताशी अर्धा लिटर होतो. चढाला पंधरा मिनिटांवर या. एकदम अर्धी बाटली रिचवली तर पोट डुचमळतं आणि पुढचा तास प्यावंसं वाटत नाही.

वरची मर्यादाही आहे. मूत्रपिंडं तासाला साधारण पाऊण ते एक लिटरच पाणी बाहेर टाकू शकतात. तासाला एक लिटरच्या वर तासन्‌तास साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, पुढे भ्रम. लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच, म्हणून भोवतालचे अजून पाणी पाजतात आणि माणूस आणखी बिघडतो. ओळखायची खूण: हा माणूस सकाळपासून भरपूर प्यायलेला असतो, लघवी पाण्यासारखी आणि वारंवार झालेली असते. त्याचं पाणी थांबवा, खारट काहीतरी खायला द्या. भ्रम किंवा झटके असतील तर सरळ रुग्णालय.

लघवीचा रंग हे फुकटचं मापक आहे. फिकट पिवळा ठीक, चहासारखा गडद म्हणजे उशीर झाला. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर मात्र रंग भडक पिवळा येतो, त्यावर जाऊ नका.

आणि एक गोष्ट, जी गटाचे म्होरके सहसा बोलत नाहीत. जंगलात आडोसा मिळेल की नाही, या विचाराने मुली आणि बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. ‘पाणी प्या, पाणी प्या’ असं ओरडून हे सुटत नाही. दर दीड तासाला वीस मिनिटांचा थांबा असेल, पुरुष पुढे जाऊन उभे राहतील, हे निघतानाच सांगा. जागा पाण्यापासून सत्तर-ऐंशी पावलं लांब आणि प्रवाहाच्या खालच्या अंगाला निवडा. मग बाटल्या आपोआप रिकाम्या होतात.

वयस्कांना तहान उशिरा लागते, त्यांना घड्याळावर पाजा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्यांनी, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच पाण्याचा आणि मिठाचा आकडा ठरवावा.

मीठ

एक लिटर घामाबरोबर साधारण एक ते तीन ग्रॅम मीठ जातं. दोन तासांच्या फेरफटक्याला याचा विचार नको. चार-पाच तासांच्या वर, उन्हात, करायलाच हवा. टोपीच्या कडेला आणि पाठीवर पांढरे डाग पडत असतील तर तुम्ही जास्त मीठ घालवणाऱ्यांतले.

बहुतेक मीठ खाण्यातून येऊ द्या. खारे शेंगदाणे, चिवडा, दशमीबरोबर लोणच्याची फोड, आणि इंदूरकर असाल तर शेव सांगावी लागत नाहीच. पण कोरडं खारट खाऊन वर पाणी नसेल तर उलटं होतं, म्हणून शेवेची पुडी बाटलीच्या हिशोबाने उघडा. सोबत केळी किंवा संत्रं असलं की उत्तम.

घरचं पाणी असं: एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ, चवीला एक लिंबू. चमचा पाच मिलीचा हवा. घरातले चमचे चारपासून सातपर्यंत असतात, तेव्हा एकदा औषधाच्या मापाच्या झाकणाने पाणी घालून तपासा. मीठ सपाट म्हणजे सुरीने पुसून सपाट. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर चुकलं, ओतून द्या. साखर ‘ताकदीसाठी’ दुप्पट करू नका. फार गोड पाणी पोटातच रेंगाळतं, जुलाब असतील तर ते वाढवतं. बाजारचं शीतपेय याच कारणाने कामाचं नाही, त्यात शंभर मिलीला दहा-अकरा ग्रॅम साखर असते.

जुलाब-उलटी झाली किंवा कुणी उन्हाने गळून गेलं, तर ओआरएसचं पाकीट. डब्ल्यूएचओच्या सूत्राचं आहे का ते पाकिटावर वाचून घ्या: एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. मोठं पाकीट साधारण २१ ग्रॅमचं, पूर्ण एक लिटरसाठी. ते पेलाभर पाण्यात कालवून ‘कडक’ डोस देणं ही सर्रास होणारी आणि धोक्याची चूक आहे. छोटं पाकीट २०० मिलीचं. कालवलेलं चोवीस तासांनी फेकायचं.

पन्हं मे महिन्यात सुंदर, गूळ कमी आणि मीठ थोडं वर ठेवून. ताक सकाळी निघताना प्या. बाटलीत घालून उन्हात नेलं तर दुपारपर्यंत आंबून झाकण उडवेल. आणि बाहेरगावचा पाहुणा गटात असेल तर सांगून ठेवा: इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबू सरबत नव्हे, ती आटीव दुधाची, सुकामेव्याची, चमच्याने खावी इतकी दाट. ती परत आल्यावर.

वाटेत भरायचं तर

माळव्याचा खडक काळा बेसॉल्ट. पावसाळ्यात कपारीकपारीतून पाणी झिरपतं, पण थर कठीण असल्याने साठा कमी. ऑगस्टमध्ये गर्जणारे धबधबे हिवाळा संपेपर्यंत नुसते ओले डाग उरतात. नकाशावरची निळी रेघ फेब्रुवारीनंतर पाणी समजू नका. निमाडाच्या वाळूच्या नाल्यांत बाहेरच्या वळणाला हात-दीड हात झिरा खणला तर पाणी लागू शकतं. वरच्या खडकाळ नाल्यांत खणणं म्हणजे घाम वाया घालवणं.

सगळ्यात भरवशाचा स्रोत म्हणजे वस्ती. ‘पानी कहाँ है’ असं विचाराल तर लोक नाला दाखवतील, कारण पाणी तिथे आहेच. ‘पीने का पानी आप कहाँ से भरते हो?’ असं विचारा. हातपंप असेल तर पहिले पंधरा-वीस हात मारून पाणी सोडून द्या, मग भरा. धार-झाबुआकडच्या काही भागांत हातपंपांना फ्लोराइड आहे, तेव्हा गावकरी स्वतः जो पंप टाळतात तो तुम्हीही टाळा.

वाहत्या पाण्याला भुलू नका. वर म्हशी बसल्यात, सहलीचे लोक आंघोळ करताहेत, कुंडात श्रद्धेने डुबकी मारली जातेय. जानापावच्या डोंगरावरचं कुंडही याला अपवाद नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आणखी एक भानगड: सोयाबीनवर फवारणी चालू असते आणि पहिल्या जोरदार सरीबरोबर शेतातलं औषध नाल्यात उतरतं. उकळून किंवा गोळीने ते जात नाही. शेतांतून येणारा नाला त्या दिवसांत सोडूनच द्या.

जंतूंचं काय करायचं? पाणी गढूळ असेल तर आधी जुन्या सुती साडीचा तुकडा चार वेळा दुमडून गाळा. जुनाच, कारण धुऊन धुऊन धागे फुगतात आणि भोकं लहान होतात. फारच मातकट असेल तर तुरटीचा खडा पाण्यात पाच-सहा वेळा फिरवून अर्धा तास ठेवा आणि वरचं निवळ ओतून घ्या. मग उकळा. बुडबुडे जोरात उसळायला लागल्यावर एक मिनिट पुरे. तीन मिनिटांचा नियम दोन हजार मीटरच्या वरचा, आणि आपल्याकडे तेवढी उंची नाही. जळण नसेल तर क्लोरीनची गोळी. गोळी किती लिटरची आहे ते पाकिटावर वाचा. सरकारी वाटपातली अर्ध्या ग्रॅमची गोळी वीस लिटरसाठी असते, ती एका बाटलीत टाकली तर पिववणार नाही. गोळी विरघळल्यावर बाटली हलवा, झाकण किंचित सैल करून आटेही ओले करा, नाहीतर ओठाला लागणारे थेंब कच्चेच राहतात. अर्धा तास थांबा. पाणी गार असेल तर एक तास. लिंबू किंवा सरबताची पूड अर्ध्या तासानंतरच घाला, आधी घातली तर क्लोरीन तिच्यावरच खर्ची पडतं.

०.१ मायक्रॉनची पोकळ तंतूंची गाळणी जिवाणू आणि परजीवी अडवते, विषाणू नाही. आपल्याकडे नाल्यात माणसाचा मैला मिसळण्याची शक्यता नेहमीच असते, कावीळ त्यातूनच येते. म्हणून गाळणी अधिक गोळी, एकटी गाळणी नको. उलट क्लोरीन काही चिवट परजीवींना मारत नाही, ते गाळणी अडवते. दोघांची जोडी म्हणून चांगली.

परिक्रमेला निघालेल्यांना नर्मदेचं पाणी गाळा-शुद्ध करा म्हणणं जड जातं, हे मान्य. पण इंदूरच्या नळालाही मैय्याच येते, सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून, आणि ती शुद्धीकरण करूनच घरात घेतली जाते. कमंडलूत गोळी टाकल्याने श्रद्धा उणी होत नाही.

पावसाळ्यात पाणी भरायला प्रवाहाच्या मध्ये उभं राहू नका. वर पठारावर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. २०११ च्या जुलैत पातालपाण्याला असाच लोंढा माणसांना घेऊन गेला. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पानं वाहून येऊ लागली की बाटली सोडून काठ गाठायचा.

कमी पडलं, कुणी ढासळलं

पाणी संपत आलं तर घोटाघोटाने तहान मारत पुढे रेटू नका. जे आहे ते तहान लागेल तसं प्या आणि घाम वाचवा: अकरा ते चार सावलीत बसा, अंगावर पूर्ण बाह्यांचा सुती कपडा, ऊन कललं की चढ. बाटलीत पाणी राखून माणूस कोसळला, हे होतं.

मागे पडायला लागलेला, चिडचिड करणारा, अडखळणारा माणूस हा पहिला इशारा. सावली, बूट सैल, ओआरएस दर पाच मिनिटांनी शंभर मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने. तासाभरात सुधारणा नसेल तर मदत बोलवा.

अंग तापलेलं आणि बोलणं असंबद्ध, ही वेगळी गोष्ट. उष्माघात. आधी गार करायचं, पाजायचं नंतर. १०८ ला फोन, कपडे सैल, डोक्यावर, मानेवर, काखेत, जांघेत पाणी ओता आणि टॉवेलने वारा घाला. हे पाणी नाल्याचं, डबक्याचं, कसलंही चालतं, पिण्याचं त्यासाठी संपवू नका. शुद्ध हरपत असेल तर तोंडात थेंबही घालू नका, तो श्वासनलिकेत जातो.

घरी आल्यावर पुन्हा वजन करा. एक किलो घट असेल तर सव्वा ते दीड लिटर, तीन-चार तासांत विभागून, जेवणासोबत. बाटल्या त्याच रात्री साबणाने धुवा. नळीवाल्या पिशवीत सरबत भरलं असेल तर नळीतून गरम पाणी दोनदा काढा आणि ती उलटी टांगा, आत एक लाटणं उभं घालून, म्हणजे दोन्ही बाजू चिकटत नाहीत. तशीच गुंडाळून ठेवली तर आठवड्यात आत काळी बुरशी धरते आणि मग ती कशानेच निघत नाही.